शिक्षा हलकी झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

न्यायालयाने सुनावलेली शिक्षा पुढे बऱ्याच वाटांनी हलकी होऊ शकते. बोलताना मात्र या सगळ्या वाटांना आपण सरसकट ‘शिक्षा माफ झाली’ म्हणतो. कैद्याच्या घरच्यांना हा ढोबळपणा फार महागात पडतो: माणूस सुटणार म्हणून ते वाट बघत बसतात आणि हाती येते काही दिवसांची सूट. म्हणून शिक्षा ज्या क्रमाने पुढे सरकते, त्याच क्रमाने हे शब्द पाहू.

सुरुवात निकालाच्या दिवसापासून करू. खटला चालू असताना आरोपी तुरुंगात असेल, तर ते दिवस कैदेतून वजा होतात. पाच वर्षांची शिक्षा लागली आणि दीड वर्ष आधीच आत गेलेलं असेल, तर उरतात साडेतीन. ही कुणाची मेहरबानी नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. हे दिवस बरोबर धरलेत का, ते आपण सगळ्यात आधी तपासावं.

मग अपील. वरचं न्यायालय शिक्षेला स्थगिती देऊन जामिनावर सोडू शकतं. इथे गल्लत होते ती अशी, की स्थगिती फक्त शिक्षा भोगण्याला मिळते; दोषसिद्धी, म्हणजे दोषी ठरवल्याचा निर्णय, तसाच उभा असतो. त्यासाठी स्थगिती वेगळी मागावी लागते. राहुल गांधी यांच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये सुरतच्या सत्र न्यायालयाने शिक्षेला स्थगिती दिली, पण खासदारकी परत आली नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, तेव्हा ती मिळाली.

अपिलात शिक्षा कमी झाली, तर मूळ निकालच बदलतो. दहा वर्षांची सात झाली, की ती पहिल्यापासून सातच धरायची.

तुरुंगातली सूट याहून वेगळी. चांगली वर्तणूक, नेमून दिलेलं काम यांबद्दल दिवस जमा होतात आणि सुटकेची तारीख अलीकडे येते. प्रत्यक्ष भोगायचे दिवस घटतात. निकालाला धक्का लागत नाही. तीन वर्षांची शिक्षा झालेला एक जण सूट मिळून लवकर सुटला आणि निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा तीन वर्षांचीच धरली. शिस्त मोडली तर जमा झालेली सूट कापलीही जाते. त्यामुळे आज सांगितलेली तारीख पक्की समजू नये.

महाराष्ट्रात कैद्याला मिळणारी रजाही दोन प्रकारची असते. संचित रजेचे (फर्लोचे) दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे (पॅरोलचे) नाहीत. घरात आजारपण आलं म्हणून अभिवचन रजा घेतली, तर तेवढे दिवस नंतर भरून द्यावे लागतात. अर्ज करतानाच हे विचारून घ्यावं.

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज जन्मठेपेचा: ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं.’ तसं नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हे स्पष्ट केलं. चौदा वर्षं आली कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात जन्मठेप झाली, किंवा फाशीचीच जन्मठेप झाली, तर किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय शासनाला सूट देऊन सोडता येत नाही. म्हणजे चौदा ही सुटकेची तारीख नाही. त्याआधी या वाटेने सुटका नाही, एवढाच तिचा अर्थ. त्यानंतरही शासनाचा लेखी आदेश लागतोच. हा फरक न कळल्याने पंधराव्या वर्षी खचून जाणारी कुटुंबं असतात, म्हणून तो पहिल्याच वर्षी समजावून सांगायला हवा.

शिक्षा ‘सौम्य करणे’ म्हणजे तिचा प्रकारच बदलणे. फाशीची जन्मठेप होते, सक्तमजुरीची साधी कैद होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा अधिकार कलम ४७४ मध्ये आहे. तो शासन वापरतं.

शेवटचं दार राज्यपालांचं आणि राष्ट्रपतींचं, राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ आणि ७२ प्रमाणे. ते शिक्षेत सूट देऊ शकतात, ती सौम्य करू शकतात, काही काळ तहकूब करू शकतात; आणि क्षमाही करू शकतात. या अधिकारांपैकी पूर्ण क्षमेनेच शिक्षेबरोबर दोषही पुसला जातो. म्हणून ‘माफ’ हा शब्द तिच्यापुरताच राखावा.

फाशीच्या कैद्याच्या दयेच्या अर्जाला आता मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकांनी कळवलं, की तिथून तीस दिवस. उलट, अर्जावर निर्णयाला अवाजवी उशीर झाला, तर त्या कारणावरून फाशीची जन्मठेप होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं.

यातलं काहीही करायला पैसे नाहीत म्हणून अडून राहू नये. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. अर्जात ‘शिक्षा माफ करा’ एवढंच न लिहिता सूट हवी, स्थगिती हवी की शिक्षा सौम्य करून हवी, ते नेमकं लिहावं. कारण स्थगिती न्यायालयाकडे मागायची असते आणि बाकीच्या दोन गोष्टी शासनाकडे.