धुऱ्यावरचा आघाडा आणि विंचवाचा डंख

पावसाळ्यात अकोला-अमरावतीकडच्या धुऱ्यांवर आघाडा माजतो. गणपतीच्या पत्रीतला हाच. विंचू चावला की त्याची मुळी उगाळून लावायची आपल्याकडची जुनी रीत. गांधीलमाशी डसली तर कांदा नाहीतर चुना. कांदा ठीक, पण चुन्यानं कातडी भाजते, तो नकोच.

आघाड्यावर माझा फार जीव आहे. तरी सांगतो, लाल विंचवाचं विष थेट हृदयावर जातं, तिथं मुळी पुरत नाही. दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय ही त्याची लक्षणं. लेकराला चावला तर लक्षणांचीही वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी अशा रुग्णांना देऊन कित्येक जीव वाचवले. आता प्रतिविषही मिळतं.