आळशी डोळा

"कला शाखेचा विद्यार्थी तू, आणि लेख डोळ्यांच्या विकारावर?" असे वर्गातील एका मित्राने मला हसून विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु हा विकार माझ्याच डाव्या डोळ्यात आहे, आणि तो मला ठाऊक झाला वयाच्या अठराव्या वर्षी!

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. आई घरी विड्या वळते. बारावीच्या सुट्टीत मीही मागावर जाऊ लागलो. तुटलेला धागा धरायला गेलो की बोटे थोडी अलीकडे तरी पडत, नाही तर पलीकडे. "एवढं शिकून साधी गाठ मारता येईना," असे वडील म्हणत. पुढे एका नेत्रशिबिरात तपासणाऱ्या बाईंनी माझा उजवा डोळा झाकून समोरचा तक्ता वाचायला सांगितले. मला फक्त सर्वांत वरचे मोठे अक्षर दिसले.

डोळा पाहतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पाहतो तो मेंदू. दोन डोळ्यांची दोन चित्रे तो एकत्र करतो, म्हणून अंतराचा नेमका अंदाज येतो. एक डोळा तिरळा असेल, किंवा माझ्यासारखा सरळ दिसूनही त्याचा नंबर फार मोठा असेल, तर लहान मुलाचा मेंदू त्या डोळ्याचे चित्र सोडून देतो. वापर नाही म्हणून दृष्टी वाढत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. (आळस मेंदूचा, नाव डोळ्याचे!) ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लाची एक पापणी शिवून ठेवली. काही महिन्यांनी ती उघडली तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदू त्याला दाद देईना. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला, तर तसे नुकसान झाले नाही. या दोघांना 1981 साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढे वाचल्यावर मी पुस्तक मिटले आणि घरी जाऊन माझ्या पाच वर्षांच्या बहिणीकडे नीट पाहिले.

तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. "तिरळी पोर नशीबवान असते," असे आजी म्हणे. "वाढत्या वयात होईल सरळ," असे शेजारी म्हणत. तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून वळतात, ते चालते. त्यानंतर वळत राहिले तर दाखवलेच पाहिजेत. बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर एक दिवसही थांबू नये. तो डोळ्यातील कर्करोग असू शकतो.

मी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बॅटरीचा उजेड दोन्ही बाहुल्यांत कोठे चमकतो ते पाहिले, मग एकेक डोळा झाकून दुसरा हलतो का ते पाहिले. घरी तीन दिवस अॅट्रोपीनचे मलम घालायला दिले. त्याने बाहुली मोठी होते आणि मुलाने एक अक्षरही न वाचता नंबर काढता येतो. तिला अधिक नंबरचा चष्मा लागला, आणि चष्म्यातून डोळा बराच सरळ दिसू लागला! सर्वांचे असे होत नाही. काहींना शस्त्रक्रिया लागते. तीत डोळा बाहेर काढतात ही समजूत खोटी आहे. बुबुळ फिरवणारे सहा स्नायू असतात, त्यांतील एखाद-दुसरा सैल किंवा घट्ट करून शिवतात.

खरी परीक्षा पट्टीची. चांगला डोळा झाकायचा आणि आळशी डोळ्याला कामाला लावायचे. विकार मध्यम असेल तर सहा तासांइतकाच दोन तास पट्टीचा उपयोग होतो, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पहिल्या दिवशी ती रडली, "दादा, मला दिसत नाही." मला पट्टी काढावीशी वाटली. आईने तिच्यापुढे तांदळाचे ताट ठेवले, खडे वेचायला. आता ती तक्त्याची चौथी ओळ वाचते.

माझ्या वयात फारशी सुधारणा होत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. उजवा डोळा जपावा म्हणून मी चष्मा वापरतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा व शाळेतील एकदा तपासतात; त्या दिवशी आपल्या घरातले मूल गैरहजर राहू देऊ नका.

पट्टीची वेळ संध्याकाळी पाच ते सात अशी आहे. मित्रहो, कॉलेज सुटल्यावर मी ग्रंथालयात का थांबत नाही, ते आता तुम्हांला कळले असेल.