मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव : आप्तांसाठी माहिती

अमडापूर परिसरातील शेतकरी, मजूर व हमाल कंबरदुखी वर्षानुवर्षे अंगावर काढतात आणि पाय बधिर होऊ लागल्यावरच शस्त्रक्रियेस राजी होतात. शस्त्रक्रिया बहुधा अकोला वा छत्रपती संभाजीनगरसारख्या दूरच्या शहरात होते आणि काही दिवसांत रुग्ण घरी परततो. पुढील देखरेख आप्तांकडे येते, म्हणून या विषयाची निवड आम्ही केली आहे.

मज्जारज्जूभोवती शिरांचे दाट जाळे असते व त्या शिरांना झडपा नसतात. पोटावर दाब आला की रक्त उलट या जाळ्यात भरते. रुग्णास पालथे झोपवून त्याचे पोट अधांतरी मोकळे ठेवतात ते यासाठीच. एका चकतीच्या शस्त्रक्रियेत रक्तहानी अल्प असते. अनेक मणके स्क्रू व सळ्यांनी जोडताना मात्र ती लिटरहून अधिक होऊ शकते, आणि प्रौढाच्या देहात रक्त असते सुमारे ५ लिटर. गुठळी विरघळू न देणारे ट्रानेक्झॅमिक आम्ल येथे उपयोगी पडते. जपानमधील ओकामोटो दांपत्याने ते १९६२ मध्ये जगापुढे आणले. आज ते स्वस्त व सर्वत्र उपलब्ध आहे.

तथापि खरी चिंता न दिसणाऱ्या रक्ताची असते. पट्टी कोरडी राहूनही आत रक्त साकळू शकते. एमआरआयमध्ये दिसणाऱ्या लहान गुठळ्या बहुधा निरुपद्रवी असतात. शेकडा एकाहूनही कमी रुग्णांत गुठळी मज्जारज्जू वा नसांवर घातक दाब आणते. औषधानेही न शमणारी, वाढत जाणारी वेदना, पायांतील शक्ती कमी होणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवी अडणे ही तिची लक्षणे होत. बहुतांश वेळा ती पहिल्या २४ तासांत उद्भवतात, क्वचित घरी आल्यावर काही दिवसांनी. अशा वेळी 'सकाळी पाहू' म्हणणे फार महाग पडते. ६ ते १२ तासांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया करून दाब दूर झाला, तर पाय पूर्ववत होण्याची आशा बरीच अधिक असते. रात्र असली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, शस्त्रक्रियेचे कागद सोबत घ्यावेत व शल्यविशारदास वाटेतूनच कळवावे. मानेच्या पुढील बाजूने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची मान सुजली, आवाज बदलला वा श्वास अडू लागला, तर हाती केवळ मिनिटेच असतात.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने सर्व औषधे सांगावीत. औषध दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये, विशेषतः हृदयात स्टेंट असल्यास. मद्यपानाची सवय लपविली जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तिनेही रक्तस्रावाचा धोका वाढतो.

रक्ताची सोय आधीच करावी लागते. मुंबईत १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी वर्णिलेला 'बॉम्बे' रक्तगट नेहमीच्या तपासणीत 'ओ' भासतो. प्रत्यक्षात त्या रुग्णास 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो आणि त्याला रक्तदाता शोधण्यात दिवस जातात. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचा रक्तनमुना जुळवणीसाठी काही दिवस अगोदरच रक्तपेढीकडे पाठवावा, असे आम्ही सुचवितो.