बदलीचा हुकूम आणि अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, अशी म्हण आहे. ती सैनिकाला अनेकदा लावली जाते. पण ती त्याला लागू पडत नाही. सैनिकाच्या पाठीवर मावते ते त्याचे सामान, त्याचे बिऱ्हाड नव्हे. बिऱ्हाडात पत्नी असते, शाळेत जाणारी मुले असतात, कित्येकदा वृद्ध आई असते. आणि त्यांना पाठीवर घेऊन कोणाला सीमेवर जाता येत नाही. त्यांना एक घर लागते. ते सरकारी वसाहतीत मिळाले तर उत्तम. न मिळाले तर खासगी मालकाकडून अकरा महिन्यांच्या कराराने घ्यावे लागते. बदलीचा हुकूम आणि हा करार यांच्या कात्रीत सापडणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. वास्तविक तो न्यायाचा आहे, आणि जोखमीची किंमत कोणी मोजावी, या अर्थशास्त्रातील जुन्या वादाशीही त्याचे नाते आहे.

जुन्नर तालुक्यातील डिंगोरे हे माळशेज घाटाच्या वाटेवरचे गाव. पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर. अशा गावातून फौजेत गेलेल्या तरुणाचा संसार कसा चालतो, ते पाहू. लग्नानंतर काही काळ पत्नी गावीच राहते. पुढे शांततेच्या ठिकाणी नेमणूक झाली की कुटुंब सोबत नेता येते. खडकी, देहू रोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी ही महाराष्ट्रातील अशी लष्करी ठाणी. मुलांची नावे तेथील शाळेत घातली जातात. साधारणतः दोन-तीन वर्षांनी पुन्हा हुकूम येतो, आणि या वेळी तो सीमाभागाचा असतो. तेथे कुटुंब नेता येत नाही. मुलांची शाळा मध्येच मोडून गावी परतावे, तर शिक्षणाचे नुकसान. आहे तेथे राहावे, तर घर कोठले? ज्यांचे सैनिक दूर गेले आहेत अशा कुटुंबांसाठी लष्कराच्या वेगळ्या वसाहती आहेत. पण तेथेही प्रतीक्षायादी चुकत नाही. विवाहितांच्या निवासस्थानांची टंचाई इतकी होती की, केंद्र सरकारला २००२ साली सुमारे दोन लाख घरे टप्प्याटप्प्याने बांधण्याची स्वतंत्र योजना हाती घ्यावी लागली. तरीही टंचाई संपलेली नाही. मग दिघी, विश्रांतवाडी, बोपखेल अशा लष्करी आस्थापनांच्या शेजारच्या वस्त्यांत दोन खोल्यांचा शोध सुरू होतो.

करार कोणाच्या बाजूचा?

हा शोध ज्या कागदाशी येऊन थांबतो त्याला ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत ही भाडेदारीच नव्हे. मालकाने राहण्याची दिलेली ती केवळ परवानगी असते. तिची मुदत अकरा महिने ठेवण्याची रूढी पडली, कारण वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असली तरी लेखी करार व नोंदणी आवश्यक ठरविली. नोंदणीची जबाबदारीही मालकावर टाकली. अकरा महिन्यांचे कारण उरले नाही; अकरा महिने मात्र उरले.

या करारांचा मसुदा बहुधा दलालाच्या संगणकात तयार असतो. त्यात नाव आणि रक्कम तेवढी बदलते. काही मसुद्यांत ‘लॉक-इन’ नावाची अट असते: पहिले सहा महिने, कित्येकदा पूर्ण अकरा महिने, राहणाऱ्याने घर सोडायचे नाही; सोडल्यास उरलेल्या काळाचे भाडे भरायचे किंवा अनामत रकमेवर पाणी सोडायचे. मालकाला मात्र महिन्याच्या सूचनेवर घर परत मागण्याची मुभा असते. रंगरंगोटीचा खर्च अनामतीतून कापला जातो. अकरा महिने सुखरूप पार पडले तरी नूतनीकरणाच्या वेळी भाडे वाढते, आणि काही ठिकाणी दलालीही पुन्हा द्यावी लागते. ज्याला मुक्काम निवडता येतो त्याच्यासाठी या अटी जाचक आहेत. ज्याचा मुक्काम दुसराच कोणी ठरवितो त्याच्यासाठी त्या दंडासारख्या आहेत.

आकड्यांनी बोलायचे तर एक कल्पित पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकात हवालदाराचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. पुणे ‘एक्स’ वर्गातील शहर असल्याने २०२४ साली सुधारलेल्या ३० टक्के दराने त्याचा घरभाडे भत्ता ८,७६० रुपये होतो. समजा, घराचे भाडे १२,००० रुपये, अनामत ४०,००० रुपये, दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी आणि ‘लॉक-इन’ अकरा महिन्यांचे. पाचवा महिना संपताना बदली झाली आणि अनामत जप्त झाली. भाड्याचे ६०,०००, दलालीचे १२,००० आणि अनामतीचे ४०,००० मिळून १,१२,००० रुपये गेले. म्हणजे महिन्याला २२,४०० रुपये. पाच महिन्यांत मिळालेला भत्ता ४३,८०० रुपये. उरलेले ६८,२०० रुपये सुमारे सव्वादोन महिन्यांच्या मूळ वेतनाइतके झाले. अनामत परत मिळाली असती तर हेच घर महिन्याला १४,४०० रुपयांना पडले असते. बदलीबरोबर सामानसुमान हलविण्यासाठी सरकार अनुदान देते. पण बुडालेल्या अनामतीचा रकाना त्या हिशेबात नसतो.

मालकाची भीती

याचा सारा दोष घरमालकांच्या माथी मारणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. पुण्यातील घरमालक म्हणजे सगळेच धनाढ्य नव्हेत. निवृत्तीच्या रकमेतून एक सदनिका घेऊन तिच्या भाड्यावर औषधपाणी भागविणारे शिक्षक आणि कारकून त्यात आहेत. त्यांच्या मनातील भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि ती दशकानुदशके तशीच राहिली. त्या जाचातून सुटण्यासाठी मालकांनी ‘परवानगी’ची वाट काढली, तर १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला ताब्यात असलेले परवानाधारक थेट संरक्षित भाडेकरू झाले. गोठविलेली भाडी कालांतराने अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. तोवर दोन पिढ्यांच्या मनात एक धडा पक्का बसला होता: बिऱ्हाडकरू एकदा आत आला की बाहेर निघत नाही.

१९९९ च्या कायद्याने ही भीती बऱ्याच अंशी दूर केली. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्या परवानाधारकाविरुद्ध कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळविता येते. घर परत मिळण्याची मालकाची वाट अशी रुंद झाली. राहणाऱ्याला वेळेआधी बाहेर पडण्याची वाट मात्र कोणी आखलीच नाही. अनामत किती घ्यावी, यालाही या कायद्याने मर्यादा घातली नाही.

मालक म्हणून सैनिक, बिऱ्हाडकरू म्हणून नाही

कायद्याला सैनिक ठाऊकच नाही, असे नव्हे. याच कायद्याच्या कलम २३ मध्ये सैनिकाचा स्पष्ट उल्लेख आहे. स्वतःचे घर भाड्याने देऊन नोकरीवर गेलेल्या सैनिकाला ते स्वतःसाठी परत हवे असेल, तर त्याच्या सेवेबद्दल अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र पुराव्यादाखल मानून त्याला जलद दाद मिळते. तरतूद योग्यच आहे. पण तिचा अर्थ असा की, कायदा सैनिकाला मालक म्हणून ओळखतो, बिऱ्हाडकरू म्हणून ओळखत नाही. डिंगोऱ्यासारख्या गावातून आलेल्या जवानाचे पुण्यात घर नसते. म्हणून त्याला कलम २३ चा उपयोगही नसतो. १९२५ चा भारतीय सैनिक (वाद) कायदा आहे. पण तो युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाविरुद्धची न्यायालयीन कामकाजे थोपविण्यापुरता आहे.

इतिहासाचा उपरोध असा की, भाडे नियंत्रणाच्या जन्माशी सैनिकांच्या कुटुंबांचाच संबंध आहे. १९१५ साली ग्लासगो शहरात पुरुष आघाडीवर गेलेले असताना घरमालकांनी भाडी वाढविली. मेरी बार्बर यांच्यासारख्या स्त्रियांच्या नेतृत्वाखाली हजारो कुटुंबांनी भाडे भरण्यास नकार दिला. सैनिकांच्या बायकांना घराबाहेर काढण्याच्या कल्पनेने लोकमत खवळले, आणि ब्रिटिश संसदेला त्याच वर्षी भाडी युद्धपूर्व पातळीवर रोखणारा कायदा करावा लागला. मुंबईत १९१८ साली झालेला युद्धकालीन भाडे निर्बंध कायदा त्याच मालिकेतला. पुढे कायदे वाढले, दुरुस्त्या झाल्या, आणि ज्यांच्यासाठी हा विचार सुरू झाला तीच कुटुंबे त्यातून गळली.

अमेरिकेने हा धागा सोडला नाही. १९४० च्या तेथील कायद्याची २००३ साली नव्याने मांडणी झाली. त्यानुसार सैनिकाला कायम बदलीचा किंवा किमान ९० दिवसांच्या तैनातीचा हुकूम आला, की हुकमाच्या प्रतीसह लेखी सूचना देऊन भाडेकरार संपविता येतो. मासिक भाड्याच्या बाबतीत, पुढचे भाडे देय होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांनी करार संपतो. मुदतपूर्व सोडल्याचा दंड घेता येत नाही आणि जाणूनबुजून अनामत अडकवून ठेवणे गुन्हा ठरते.

आपल्याकडे कोणी म्हणेल की, न्यायालये उघडी आहेत. हे खरे आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंड लिहिला म्हणून तो सगळा वसूल होत नाही. वाजवी भरपाईच मिळते. नुकसानच झालेले नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका निकालात स्पष्ट केले. महिन्याभरात त्याच घरात दुसरे बिऱ्हाड आले, तर मालकाचे नुकसान एका महिन्याचे. परंतु चाळीस हजारांसाठी वकील कोण लावणार? जवान लडाखमध्ये, पत्नी नव्या गावात, आणि तारखा पुण्यात! ज्या हक्कापर्यंत पोहोचता येत नाही तो हक्क कागदावरच राहतो.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाही. राज्याने कलम २३ मधील तत्त्व उलट दिशेनेही लागू करावे. अधिकाऱ्याच्या ज्या प्रमाणपत्रावर सैनिक-मालकाला घर परत मिळते, तशाच प्रमाणपत्रावर सैनिक-बिऱ्हाडकरूला एक महिन्याच्या सूचनेने घर सोडता यावे आणि अनामत ठरावीक दिवसांत परत मिळावी. असे करार आज ऑनलाइन नोंदविता येतात. त्या नमुन्यात बदलीचे एक कलम कायमचे छापले, तर दलालाच्या मसुद्याची सद्दी बरीचशी संपेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मान्य केलेल्या आदर्श भाडेदारी कायद्यात निवासी घराच्या अनामतीला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. ती उपयुक्त आहे; पण राज्याने स्वीकारल्याखेरीज तिला बळ येत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, बदल्या शिक्षकांच्या आणि बँकेतील कारकुनांच्याही होतात. मग सैनिकालाच सवलत का? कारण इतरांना निदान अर्ज करता येतो, मुदत मागता येते, स्वतः उभे राहून मालकाशी हिशेब करता येतो. सैनिकाला यांपैकी फारच थोडे शक्य असते. तत्त्व एकदा मान्य झाले की इतरांचाही विचार करता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे कलम सक्तीचे केले तर मालक सैनिकांना घरेच देणार नाहीत. ही भीती निराधार नाही. बाजाराचा स्वभावच तसा आहे. म्हणून भार मालकावर टाकून भागणार नाही. बदलीची जोखीम उत्पन्न होते ती सरकारच्या निर्णयाने, आणि ती राष्ट्राच्या गरजेपोटी उत्पन्न होते. ज्याच्या निर्णयाने जोखीम निर्माण होते त्यानेच तिची किंमत मोजावी, हा व्यवहाराचा सरळ नियम आहे. मुदतपूर्व घर सुटल्यास मालकाला एका महिन्याच्या भाड्याची भरपाई संरक्षण खात्याने बदलीच्या अनुदानातूनच द्यावी. मग सैनिक हा मालकाच्या दृष्टीने धोक्याचा नव्हे, तर सर्वांत खात्रीचा बिऱ्हाडकरू ठरेल.

आज ही किंमत मोजतात त्या जवानांच्या घरातील स्त्रिया, महिन्याच्या खर्चातून बाजूला काढलेल्या अनामतीतून. देशाच्या संरक्षणाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम कोठेच दिसत नाही; पण ती खर्च होतच असते. ती तेथे दिसू लागेल, तेव्हाच हा हिशेब खरा होईल.