बरोबरीची जोड : महाविद्यालयीन सामन्यांची विभागरचना

पावसाळा सरला कीं खानदेशांतील महाविद्यालयांत सामन्यांची धांदल उडते. घरांतील मुलगा वा मुलगी कबड्डीच्या अथवा खो-खोच्या संघांत निवडली गेली, म्हणजे वडील मंडळींस दोन प्रश्न हटकून पडतात : ह्या सामन्यांची पायरी कोठवर जाते, आणि संघ एकदां हरला म्हणजे मुलाचें वर्ष फुकट गेलें कीं काय ? दोहोंचें उत्तर विभागांच्या रचनेंत आहे.

जळगांवचें मूळजी जेठा व अमळनेरचें प्रताप हीं दोन्ही महाविद्यालयें १९४५ सालीं निघालीं. तेव्हां विद्यापीठ मुंबईचें होतें. पुढें तें पुण्याचें झालें. विद्यापीठाचें ठाणें शेंकडों मैलांवर होतें. १९९० सालीं जळगांव येथें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें, व २०१८ सालीं त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. जळगांव, धुळें व नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात.

ह्या विद्यापीठानें खेळांसाठीं जळगांव, एरंडोल, धुळें व नंदुरबार असे विभाग पाडले आहेत. प्रथम एका विभागांतील महाविद्यालयें परस्परांशीं झुंजतात. मग विभागाचा संघ निवडला जाऊन विभागाविभागांत सामने होतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ सिद्ध होतो. पुढें भारतीय विद्यापीठ संघाच्या चार दिशांच्या विभागांपैकीं पश्चिम विभागांत तो उतरतो, व तेथें वर आला तर अखिल भारतीय सामन्यांस जातो. तात्पर्य, महाविद्यालय हरलें तरी उत्तम खेळाडूस विभागाच्या संघाचें दार उघडें असतें. पालकांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

परंतु हे सारे विभाग भूगोलाचे आहेत, सामर्थ्याचे नव्हेत. अमेरिकेंत १९०६ सालीं महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि १९७३ सालीं तिनें आपल्या संस्थांच्या तीन श्रेणी केल्या. पहिलींत प्रचंड खर्च करणारीं विद्यापीठें, दुसरींत मध्यम, आणि तिसरींत खेळासाठीं शिष्यवृत्ति मुळींच न देणारीं महाविद्यालयें. प्रत्येक श्रेणीचें विजेतेपद निराळें. पहिल्या श्रेणींत पैशाचा बाजार फार माजला आहे. त्याचें अनुकरण आम्हांस नको. तिसऱ्या श्रेणीची दृष्टि मात्र, आधीं विद्यार्थी व मग खेळाडू, आमच्या घरांस पटण्याजोगी आहे.

आणि हें तत्त्व आम्हांस परकें तरी कोठें आहे ? जत्रेंतील कुस्त्यांत जाणते पंच आधीं जोड पाहतात. पोरसवदा गड्यास नामांकित मल्लासमोर कोणी उभा करीत नाहीं. आमच्या शास्त्रकारांनीं ज्यास अधिकारभेद म्हटलें, तो हाच.

उलट आमच्याकडे हजारों विद्यार्थ्यांचें शहरी महाविद्यालय आणि सातपुड्याच्या पायथ्याचें लहानसें कलामहाविद्यालय एकाच चिठ्ठींत येतात. पहिल्याच फेरींत हार, आणि सायंकाळच्या एस. टी.नें घरीं. तीन वर्षांत तीन सामने खेळलेल्या मुलीची पारख निवडसमितीनें कशी करावी ?

यास्तव प्रवास व खर्च वांचविणारे भौगोलिक विभाग आहेत तसेच राहूं द्यावे. परंतु प्रत्येक विभागांत विद्यार्थिसंख्येवरून दोन श्रेणी कराव्या, व प्रारंभींचे सामने बाद पद्धतीनें न घेतां साखळीनें घ्यावे. यांत लहान महाविद्यालयांस दुय्यम ठरविल्याचा दोष येईल, असें कोणी म्हणतील. परंतु विभागाचा संघ निवडतांना दोन्ही श्रेणींतील खेळाडू एकाच मापानें पाहिले, म्हणजे हा आक्षेप उरत नाहीं. खर्च थोडा वाढेल, हें खरें; पण मैदान बांधण्यास लागतो त्याच्या मानानें तो कांहींच नव्हे.

ज्यांचीं मुलें महाविद्यालयांत आहेत, त्यांनीं गुणांची चौकशी करतां करतां प्राचार्यांस एवढेंही विचारावें : आमच्या मुलास यंदा किती सामने खेळावयास मिळाले ?