गाडी एकच, मॉडेल एकच, मग इन्शुरन्सचे पैसे वेगळे का? समजून घ्या प्रीमियमचा हिशोब

हातकणंगले : समजा, आपल्या तालुक्यातल्या एका गावात दोन चुलत भाऊ राहतात. दोघांच्या दारात एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी, दोघांनी पाच वर्षांपूर्वी एकाच महिन्यात घेतलेली. यंदा इन्शुरन्स संपला म्हणून दोघांनी एकाच कंपनीकडं भरला. थोरल्याला लागले ८,७५० रुपये. धाकट्याला १३,४७० रुपये. धाकटा पावती घेऊन थोरल्याच्या दारात हजर. "दादा, गाडी एकच, गाव एकच, मग माझ्याकडनंच पावणेपाच हजार जास्त का घेतल्यात?"

हे दोन भाऊ उदाहरणासाठी घेतलेत. पण हा प्रश्न गावोगावी विचारला जातो आणि बहुतेक वेळा "कंपन्या लुटत्यात" एवढंच उत्तर मिळतं. खरं उत्तर त्या पावतीवरच छापलेलं असतं. ते वाचायचं कसं, ते बघूया.

एका पावतीत दोन विमे

आपण ज्याला "फुल इन्शुरन्स" म्हणतो, त्यात खरं तर दोन वेगळे विमे असतात. पहिला थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळं दुसऱ्या कुणाचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून मिळते. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. अपघात, चोरी, आग, पूर हे सगळं यात येतं.

थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणं त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सापडलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडलात तर ४,००० रुपये दंड. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. ओन डॅमेज मात्र ऐच्छिक आहे. घ्या किंवा नका घेऊ.

या दोन विम्यांचे दर ठरवायची रीत पूर्ण वेगळी आहे. सगळी गंमत इथंच आहे.

थर्ड पार्टीचा दर : घरटी एकच पट्टी

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणं खासगी कारला वर्षाला असे पैसे पडतात :

- १,००० सीसीपर्यंत : २,०९४ रुपये
- १,००० ते १,५०० सीसी : ३,४१६ रुपये
- १,५०० सीसीच्या वर : ७,८९७ रुपये

मोटारसायकलला ७५ ते १५० सीसीसाठी ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीसाठी १,३६६ रुपये. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. इलेक्ट्रिक गाडीला या दरात १५ टक्के सूट आहे.

इथं फक्त इंजिन बघितलं जातं. चालवणारा वीस वर्षांचा पोरगा आहे की साठ वर्षांचे आबा, पेठवडगावचा आहे की मुंबईचा, गेल्या वर्षी किती ठिकाणी गाडी घासली, काही बघत नाहीत. आमच्या दोन भावांचेही इथले ३,४१६ रुपये सारखेच आहेत.

मग जपून चालवणाऱ्यावर हा अन्याय नाही का? थोडा आहे. पण हा विमा गाडीवाल्यासाठी नाहीच, तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी आहे. समजा, तरण्या पोरांना चारपट दर लावला. त्यातली निम्मी विमा न काढताच गाडी पळवतील. मग त्यांनी उडवलेल्या माणसाच्या घरच्यांनी भरपाई मागायची कुणाकडं? म्हणून दर सर्वांना एक आणि जमेल तितका आवाक्यातला ठेवलाय.

विमा नसताना अपघात झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाईचा आदेश थेट गाडीमालकावर काढतं. मयत माणूस कमावता असेल तर ही रक्कम सहज काही लाखांत जाते. नाही भरली तर कलम १७४ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. सातशे रुपये वाचवायला गेलो आणि शेत गहाण पडलं, अशी ती गत.

ओन डॅमेज : एकराप्रमाणं पाणीपट्टी

ओन डॅमेज हा तुम्ही आणि कंपनी यांच्यातला व्यवहार. १ जानेवारी २००७ पासून याचे दर खुले झालेत. त्याआधी देशभर एकच दरपत्रक होतं. आता प्रत्येक कंपनी आपला दर लावते, म्हणून चार ठिकाणी विचारून घ्यायला इथं वाव आहे. दर कशावर ठरतो?

पहिली गोष्ट आयडीव्ही. म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली तर जास्तीत जास्त एवढेच पैसे मिळतात. गाडी जुनी होईल तशी ही किंमत उतरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढं मालक आणि कंपनी यांच्या संमतीनं किंमत ठरते.

दुसरी गोष्ट गाडीचं वय, इंजिन आणि मॉडेल. ज्या गाडीचे पार्ट महाग, तिचा दर जास्त.

तिसरी गोष्ट नोंदणीचं ठिकाण. जुन्या दरपत्रकात देशाचे दोन भाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर अशी आठ मोठी शहरं "झोन ए" आणि बाकी सगळा देश "झोन बी". ट्रॅफिक कमी म्हणून झोन बीचा दर कमी. १,००० ते १,५०० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झोन एमध्ये ३.२८३ टक्के, तर झोन बीमध्ये ३.१९१ टक्के. पाच लाखांच्या गाडीमागं ४६० रुपयांचा फरक. आपली एमएच ०९ ची गाडी झोन बीमध्ये येते. दर खुले झाले तरी ही विभागणी अजून हिशोबात धरली जाते.

म्हणजे बघा, गावच्या यात्रेची पट्टी घरटी सारखी असते आणि पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी ज्याच्या त्याच्या एकराप्रमाणं. दोन्ही आपल्याला रास्त वाटतात, कारण यात्रा सगळ्यांची आणि पाणी ज्याच्या त्याच्या रानाला. इन्शुरन्सच्या पावतीत थर्ड पार्टी ही यात्रेची पट्टी आणि ओन डॅमेज ही पाणीपट्टी.

मग भावाभावांत फरक कुठं पडला?

फरक पडला नो क्लेम बोनसमध्ये. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या पैशात सूट मिळते. एक वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. एक क्लेम केला की सूट पुन्हा शून्यावर.

हिशोबाच्या सोयीसाठी दोघांचा ओन डॅमेज ८,००० रुपये धरलाय. थोरल्यानं पाच वर्षांत क्लेम केला नाही, म्हणून त्याला पडले ४,०००. धाकट्यानं गेल्या वर्षी क्लेम केला, म्हणून त्याला पुरे ८,०००. दोघांचे थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि १८ टक्के जीएसटी मिळवा, पावतीवरचा आकडा जुळतो.

आता धाकट्यानं क्लेम कशासाठी केला होता? मेव्हणा गाडी घेऊन गेला आणि उसाच्या ट्रॉलीला मागनं घासली. बंपरचा खर्च ३,००० रुपये. १,५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागं पहिले १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात. म्हणजे कंपनीकडून मिळाले फार तर २,००० रुपये आणि त्यापायी बुडाली ४,००० ची सूट. शिवाय बोनसची शिडी पहिल्या पायरीपासून चढायची. म्हणून लहान खर्च असेल तर आधी बोनस किती बुडतोय ते बघा, मगच क्लेम करा.

"गाडी ठोकली मेव्हण्यानं आणि भुर्दंड मला?" धाकट्याचा हा राग मात्र खरा आहे. आपल्याकडचा इन्शुरन्स गाडी आणि मालक ओळखतो, स्टिअरिंगवर कोण बसलाय ते ओळखत नाही.

चालवणाऱ्याकडं बघणार कधी?

इंग्लंडमध्ये नवख्या तरुण ड्रायव्हरला जास्त पैसे पडतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९८८ साली लोकांनी मतदानानं कायदा केला की ड्रायव्हिंगचा इतिहास, वर्षाला किती अंतर चालवता आणि किती वर्षांचा अनुभव आहे, या तीन गोष्टी दर ठरवताना सगळ्यात आधी धरायच्या. युरोपीय संघात २१ डिसेंबर २०१२ पासून बाई की पुरुष, यावरून वेगळा दर लावायला बंदी आहे. कारण स्वतःच्या हातात नसलेल्या गोष्टीची किंमत माणसानं का मोजायची?

आपल्याकडंही हालचाल सुरू आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या कार्यगटानं जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीचे नियम मोडणाऱ्याकडून जादा प्रीमियम घ्यावा, अशी शिफारस केली. जुलै २०२२ मध्ये नियामकानं "जेवढी चालवाल तेवढं भरा" आणि "जशी चालवाल तसं भरा" या दोन्ही प्रकारांना ओन डॅमेजसाठी परवानगी दिली. पहिला प्रकार गावाकडं कामाचा आहे. जोतिबाला, नरसोबावाडीला नाहीतर पाहुण्यांच्या लग्नाला निघाली तरच दारातनं हलणारी गाडी आणि रोज पुण्याला पळणारी गाडी, यांना एकच दर कशाला? तुमची गाडी कमी फिरत असेल तर असा पर्याय आहे का, ते कंपनीला विचारा. मात्र ठरलेल्या किलोमीटरच्या वर गेलात तर काय होतं, तेही आधी विचारून घ्या.

खरं सांगितलं तरच विमा

दर माहितीवर ठरतो, म्हणून माहिती खोटी दिली की क्लेमच्या वेळी अडकायला होतं. तीन ठिकाणी आपली माणसं हमखास फसतात.

एक, वडाप. खासगी नोंदणीची गाडी भाड्यानं प्रवासी न्यायला वापरली आणि अपघात झाला, तर कंपनी ओन डॅमेजचा क्लेम नाकारू शकते. भाड्याच्या गाडीचा धोका जास्त, म्हणून तिचा दर वेगळा. खासगीचा दर भरून वडाप केलं, म्हणजे एका एकराची पट्टी भरून चार एकर भिजवल्यासारखं झालं.

दोन, सेकंडहँड गाडी. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी घेतली म्हणून जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही. तुमची जुनी गाडी विकताना मात्र कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीला लावता येतं. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत इन्शुरन्स आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर ओन डॅमेजचा क्लेम लटकतो.

तीन, पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा आणि वारणेचं पाणी कुठवर आलं ते आपण बघितलंय. शिरोलीजवळ हायवेसुद्धा पाण्याखाली गेला होता. नुसता थर्ड पार्टी असेल तर पुरात बुडालेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असला तरी पाण्यातली गाडी स्टार्ट करायला जाऊन इंजिन बसलं, तर तो खर्च साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर लागतं. नदीकाठच्या गावांनी याचा विचार करावा. आणि पाण्यात गाडी अडकलीच तर चावी फिरवू नका, ओढून बाहेर काढा.

पैसे भरण्याआधी एवढं बघा

- पावतीवर थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज असे दोन आकडे वेगळे दिसतात का?
- आयडीव्ही मुद्दाम कमी धरलाय का? प्रीमियम स्वस्त दिसतो, पण गाडी गेल्यावर पैसेही तेवढेच कमी येतात.
- नो क्लेम बोनस बरोबर लावलाय का? क्लेम केला असताना बोनस घेतला असेल तर तो पुढं क्लेमच्या वेळी उघडा पडतो.
- मुदत संपून ९० दिवस उलटले तर साठलेला बोनस जातो. तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा.
- मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का? थर्ड पार्टीत तुमच्या स्वतःच्या जिवाची भरपाई नसते.

धाकट्याला पुढच्या वर्षी काय करायचं ते आता कळलंय. क्लेम केला नाही तर २० टक्के सूट मिळेल, म्हणजे ओन डॅमेजचे सोळाशे रुपये वाचतील. आणि मेव्हणा पुन्हा गाडी मागायला आला तर चावी द्यायची का नाही, हे कंपनी ठरवत नाही. ते त्याचं त्यानंच ठरवायचं आहे.