वारेच्या दारावरची झडती

‘जास्त विचार करू नकोस गं, बाळावर परिणाम होईल.’ करी रोडच्या चाळीत दिवस गेलेल्या बाईला हे शेजारीण सांगते, सासू सांगते, भाजीवालीही सांगते. खोलीच्या पुनर्विकासाची, नवऱ्याच्या नोकरीची चिंता आधीच असते. त्यात आता चिंता केल्याची चिंता! पण आईच्या डोक्यातली काळजी पोटातल्या बाळापर्यंत पोचते तरी कशी? दोघांना जोडणारा एकही मज्जातंतू नाही. दोघांचं रक्तही एकमेकांत मिसळत नाही. जे काही जायचं ते वारेतून जातं.

वार म्हणजे बाळाच्या पाठोपाठ पडणारा, जेमतेम अर्ध्या किलोचा तो गोळा. पूर्ण पडली ना, एवढं बघून सुईण ती बाजूला टाकते. नऊ महिने तिने काय काय केलं, ते मात्र थक्क करणारं आहे.

काळजीने धडधडायला लागलं की आईच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. ते काही विष नव्हे. गरोदरपणात ते एरवीही वाढत जातं, शेवटच्या तिमाहीत दुप्पट-तिप्पट होतं. बाळाची फुप्फुसं तयार व्हायला ते लागतंच. फक्त अवेळी आणि अती नको. म्हणून गिरणीच्या गेटवर पाळी सुटताना कामगारांची व्हायची, तशी वार कॉर्टिसॉलची झडती घेते. त्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे ३० अणू असतात. वारेतलं एक एन्झाइम त्यातले नेमके दोन काढून घेतं. उरतं २८ अणूंचं कॉर्टिझोन, आणि त्याचा जोर गेलेला असतो. आईकडून निघालेल्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग असा दारातच निकामी होतो.

आई सतत आणि तीव्र ताणाखाली असेल तर मात्र ही झडती ढिली पडते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय वारेचा एक उफराटा स्वभाव आहे. कॉर्टिसॉल वाढलं की मेंदू सीआरएच हे संप्रेरक आवरतो. वार तेच जास्त बनवते. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉजर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्यांच्या रक्तात हे सीआरएच चौथ्या-पाचव्या महिन्यातच जास्त होतं, त्यांच्यात दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या अधिक होत्या.

जन्मानंतरचं काय? त्याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळतं. म्हापशाच्या आझिलो इस्पितळात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांकडे मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष ठेवलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या ७८ टक्क्यांचं मन गरोदरपणातच आजारी होतं. म्हणजे दुखणं बाळंतिणीच्या खोलीत सुरू झालं नव्हतं. मुळाशी पैशाची ओढाताण होती, नवऱ्याशी बिनसलेलं होतं. पुढच्या वर्षीच्या अहवालात दिसलं, की या आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात आणि लांबीत मागे होती.

त्याच गोव्यात त्यावरचा एक उपायही तपासला गेला. ‘संगथ’ संस्थेने वस्तीतल्याच साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ केलं. नैराश्य आलेल्या गरोदर बाईच्या घरी सखी जायची, ऐकून घ्यायची, झोप, जेवण, माणसं याबद्दल बोलायची. सहा ते चौदा भेटी, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. २८० बायकांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले: ज्यांना सखी मिळाली, त्यांच्यात नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचं प्रमाण जास्त होतं.

गिरणगावाला यातलं मर्म जुनंच ठाऊक आहे. बाळंतपणात मजुरी बुडण्याचा घोर कमी व्हावा म्हणून मुंबई प्रांताने १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला, देशातला पहिला. १९२८ मध्ये कौन्सिलात डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते. बाईने चिंता करू नये असं वाटत असेल, तर चिंतेचं कारण दूर करायला हवं, हा त्यातला सरळ हिशेब.

ताणात दिवस काढलेल्या बहुतेक आयांची बाळं सुखरूप, धडधाकट जन्मतात, हे आधी दिवस गेलेल्या बाईला सांगा. वारेने तिचं काम चोख केलेलं असतं. बाहेरचं काम आपलं. ‘विचार करू नकोस’ ऐवजी ‘कसला विचार करतेस?’ असं विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, तर तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना बीपीइतकंच स्पष्ट सांगा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. हा क्रमांक तिच्या आधी तिच्या नवऱ्याने मोबाइलमध्ये घालून ठेवावा.